एका फेरीला अर्धा अंश

अमरावतीला समुद्र आला तो बडनेऱ्याहून टांग्यात बसून. एकोणीसशे एकसष्टच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या उमाळकर सरांनी मुलांची सहल रामेश्वराकडे नेली होती. तिकडून येताना लोक शंख आणतात, तीर्थ आणतात. या गृहस्थांनी वेताच्या टोपल्यांत बसवलेले काचेचे बारा मोठे बुधले भरून समुद्राचं पाणीच आणलं. सोबत चिनी मातीच्या बरण्यांमध्ये पोवळ्याचा एक जिवंत दगड, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. गाडीच्या लांबलचक प्रवासात मुलं पाळीपाळीने सायकलचा पंप घेऊन बरण्यांत हवा सोडत बसली होती. बडनेऱ्याच्या फलाटावर ही वरात उतरली तेव्हा हमालांनी विचारलं, तेल आहे का तूप? सर म्हणाले, समुद्र. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बुधले जरा जास्तच जपून उचलले.

कॉलेजच्या दारात ते उतरवून घ्यायला बुधाजी तायडे उभा होता. बुधाजी हा प्रयोगशाळेचा हमाल. बेडूक पकडून आणणं, उंदरांचे पिंजरे झाडणं, मुलांनी चिरून ठेवलेलं उचलून ट्रे धुणं, असं ज्याला कॉलेजातला दुसरा कोणी हात लावत नसे ते काम त्याला आठ वर्षांपूर्वी मिळालं होतं. त्यालाच का मिळालं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव पूर्णेत सोडले, रात्रशाळेत बसला आणि पस्तिसाव्या वर्षी, दुसऱ्या खेपेला, मॅट्रिक पास झाला. एवढ्या सगळ्याने कॉलेजात काय बदललं म्हणाल, तर लोक त्याला पूर्वी बुध्या म्हणायचे ते बुधाजी म्हणू लागले.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. कॉलेजच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, कडुलिंबाच्या सावलीला, ओल्या वाळूत अर्धे पुरलेले तीन रांजण होते आणि त्यांच्यापाशी नत्थुजी बसलेला असे. कॉलेज उभं राहिलं तेव्हापासून तोच. साठी उलटलेला, धुतलेल्या पांढऱ्या टोपीचा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून पाणी सोडणारा. मुलं असोत की मास्तर, ओंजळ किंवा गिलास पुढे करायचा आणि नत्थुजीने वाढायचं. रांजणाला त्याच्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. शिवाशिवीविरुद्धचा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती, भिंतीवर पाटी कसलीच नव्हती. बुधाजीला कोणी नको म्हटलं नव्हतं आणि बुधाजीने कधी मागितलं नव्हतं. तो घरून पाण्याची सुरई आणायचा. अशा रीतीने सगळ्यांची सोय झाली होती आणि कोणालाही आपल्या मनाकडे बघावं लागत नव्हतं.

समुद्राला काय वाटेल ते म्हणा, पण ते पाणी कोणी पिणार नव्हतं. म्हणून ते बिनबोभाट बुधाजीच्या ताब्यात आलं.

लोखंडी चौकटीची तीन फूट लांब काचेची पेटी होती, तिच्यात वाळू घातली, पोवळ्याचा दगड ठेवला, बुधले रिकामे केले. मोटारीच्या चाकाच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरायची आणि रबरी नळीचं तोंड चिमटून ती पेटीत थोडीथोडी सोडायची, अशी हवेची सोय सरांनी केली. समुद्रफूल दोन दिवस मुठीसारखं मिटून बसलं होतं. तिसऱ्या दिवशी ते उमललं, बोटांएवढी शेकडो जांभळट टोकं पाण्यात हलायला लागली आणि दोन्ही मासे जाऊन त्यांच्यात लोळू लागले. बुधाजी हातातला झाडू तसाच धरून पंधरा मिनिटं उभा राहिला. दर्यापूरकडच्या खारपाणात त्याचा जन्म गेला होता, खारं पाणी त्याला नवीन नव्हतं, पण त्या पाण्यात एवढं सुंदर काही राहत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बुधाजी, यांना उन्हाची भीती आहे," सर म्हणाले. "यांचा समुद्र वर्षभर सव्वीस ते अठ्ठावीस अंशांमध्ये हलतो. आपलं गाव थंडीत दहाला आणि मे महिन्यात पंचेचाळीसला. तीसपर्यंत हे दम काढतील. बत्तीसला आटोपलं समज."

त्या दिवशी पेटीच्या कोपऱ्यात सुतळीने एक थर्मामीटर टांगला गेला आणि बुधाजीच्या गळ्यात पडला तो कायमचाच. मार्चच्या मध्यावर पारा दुपारी एकोणतीसला जाऊ लागला. बुधाजीने आधी पेटी खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवली. मग खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि त्यांच्यावर तासातासाला पाणी मारायला सुरुवात केली. सरांनी घरचा टेबलफॅन आणून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा पडेल असा ठेवला. वाऱ्याने पाणी उडून जायचं आणि उडताना उष्णता घेऊन जायचं. माठ पाझरतो म्हणून गार होतो, हे वऱ्हाडातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. इथे वरचा भाग पाझरत होता एवढंच.

पण पाणी उडालं की पातळी खाली जाई. बुधाजीला वाटलं, खारं उडालं तर खारंच घालावं. "सर, माह्या गावच्या विहिरीचं आणू काय? अस्सल खारं हाय. डाळ शिजत नाही त्याच्यात."

सर पोट धरून हसले. मग हसू आवरून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, जे ते सहसा विसरत, आणि समजावून सांगितलं. पाणी उडतं ते गोडंच उडतं, मीठ मागे राहतं. वर पुन्हा खारं घातलं तर मीठ वाढत जाईल. म्हणून पेन्सिलच्या खुणेपर्यंत फक्त गोडं पाणी, तेही पावसाचं साठवलेलं असलं तर बरं. आणि खारपाणातलं मीठ वेगळं, समुद्रातलं वेगळं. बुधाजीला हे इतकं पटलं की त्याने घरी जाऊन बायकोला, चतुराबाईला, कढीच्या उदाहरणाने सगळं पुन्हा सांगितलं.

मार्चच्या अखेरीस मात्र घात झाला. एका दुपारी पारा एकतीसवर गेला आणि उमाळकर सरांचा धीर सुटला. त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून भुशातली लादी मागवली, धुतली आणि अख्खी पेटीत सोडली. पाव तासात पारा चोवीसला आला. सर विजयी मुद्रेने घड्याळाकडे बघत होते, आणि पुढच्या अर्ध्या तासात दोन माशांपैकी मोठा मासा आधी तिरपा झाला, मग पोट वर करून तरंगला. समुद्रफूल आवळून वाळक्या वांग्यासारखं झालं.

सर बराच वेळ स्टुलावर बसून होते. मग उठून त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: 'दुपारी ३१. बर्फ एकदम टाकला. पाऊण तासाने मासा मेला. चूक माझी.' खाली सही केली.

"हे रजिस्टर तू ठेवायचंस," ते बुधाजीला म्हणाले. "दिवसातून तीन वेळा पारा. जे केलं ते लिहायचं. चुकलं तरी लिहायचं, चुकलं तर आधी लिहायचं. आणि ध्यानात ठेव, गरमीने मरायला वेळ लागतो, एकदम बदलाने लागत नाही. उतरवायचं तर अर्धा अर्धा अंश."

बुधाजीने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रोफेसरला 'चूक माझी' असं शाईने लिहिताना पाहिलं. त्या दिवसापासून त्याला हा माणूस आवडायला लागला.

जुलैत विद्यापीठाची समिती येणार होती. विभागाला पुढचे वर्ग द्यायचे की नाही ते ती ठरवणार होती. प्रयोगशाळेत असिस्टंटची एक जागा त्याच वेळी निघायची होती. सर म्हणाले, "ही पेटी समितीला जिवंत दाखव. त्या जागेसाठी तुझं नाव मी लेखी देतो."

चतुराबाईने विचारलं, "असिस्टंट होऊन काय होईन?"

"बेडकं दुसरा कोणी आणीन. माह्याकडे कपाटाची किल्ली राहीन. मुलाइले मी दाखवीन, हे असं करा म्हणून."

चतुराबाईने तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "तं मंग त्या मासोळीले जपा."

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या, कॉलेज रिकामं झालं आणि उमाळकर सर अकोल्याला गेले. तिथे त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. जाताना पोस्टकार्डांचा गठ्ठा देऊन गेले. बुधाजी दर दोन दिवसांनी पारा लिहून कार्ड टाकायचा आणि अकोल्याहून उलट टपाली यायचं, 'ठीक. ताट्या कोरड्या पडू देऊ नये. फुलाला खायला आठवड्यातून एकदाच.' पंखा चालू होता, ताट्या ओल्या होत्या, पहाटे खिडक्या उघडल्या की गार वारा येई. शिवाय बुधाजीने स्वतःचे दोन माठ आणून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवले होते. अडीच शेराच्या सहा बाटल्या त्यांच्या पाण्याने भरून, बूच मारून तो दुपारी पेटीत तरंगत ठेवी. एवढ्यावर मे महिन्याची पंचविशी गाठली. पारा एकोणतीसच्या वर गेला नाही. बुधाजीच्या चालण्यात थोडी ऐट आली होती, हे खोटं कशाला सांगा.

पंचवीस मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला आणि सव्वीसच्या संध्याकाळी वावटळीत विजेचे खांब पडले. सत्तावीसला सकाळी पंखा बंद. कॉलेजच्या बाबूने सांगितलं, वीज दोन-तीन दिवस येत नाही. वाराही पडला होता. नुसत्या ताट्यांनी काय होणार? अकराला पारा तीस. बुधाजीने दोन्ही माठांचं पाणी बाटल्यांत घालून वापरलं. बारापर्यंत माठ रिकामे आणि नळ फक्त सकाळी तासभर येणारा. साडेबाराला पारा साडेएकतीस. मासा पाण्याच्या वर तोंड काढून हापहाप करत होता. बुधाजीने ट्यूबमध्ये पंपाने हवा भरली, पुन्हा भरली, शर्ट अंगाला चिकटला. फूल मिटलं होतं. पोवळ्याच्या दगडाची एक कड, जी कालपर्यंत बदामी होती, ती खडूसारखी पांढरी दिसू लागली होती. सर म्हणाले होते, दगड पांढरा पडायला लागला की समज, तो जीव सोडतो आहे.

अकोल्याला कार्ड पोचायला दोन दिवस. आणि पोचून करायचं काय?

व्हरांड्यात तीन रांजण काठोकाठ भरलेले होते. सुटीत पिणारे चार-पाचच. त्या ओल्या वाळूत, सावलीत, बाहेर पंचेचाळीस असलं तरी रांजणातलं पाणी पंचवीसच्या पुढे जात नाही, हे बुधाजीला न मोजता कळत होतं. दारापासून ते बारा पावलांवर होते. आठ वर्षं ते बारा पावलांवरच होते.

तो गेला. "नत्थुजी, पाणी पायजे होतं."

नत्थुजीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ओगराळं उचललं. "ओंजळ कर."

"पिण्याले नाही. पेटी तापली. बाटल्या भराच्या हायेत."

"किती?"

"सहा. अर्ध्या घंट्यानं आणखीन सहा. संध्याकाळपावेतो."

"बाप्पा. तीन रांजण मासोळीलेच पाजशीन तं ऑफिसातले काय पितीन? नळ आता उद्या सकाळी."

यात वाईट काही नव्हतं, हिशेब बरोबर होता. बुधाजी उन्हात उभा राहून विचार करत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की त्याला पाणी नकोच आहे, त्याला पाण्यातला गारवा हवा आहे.

"पाणी एक थेंब कमी होणार नाही," तो सावकाश म्हणाला. "समुद्राचं पाणी बाटल्याइत भरतो, बूच घट्ट मारतो, बाटल्या रांजणात सोडतो. गार झाल्या का काढतो अन् पेटीत ओततो. अर्धा अर्धा अंश उतरन."

"रांजणात."

"व्हय."

"तू सोडशीन."

"मीच सोडीन."

व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. ऑफिसात बाबू ओला पंचा तोंडावर घेऊन झोपला होता. नत्थुजीने टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "दे इकडं. मी सोडतो."

बुधाजी भरलेली बाटली घेऊन आला आणि पायरीवर ठेवली. नत्थुजीने ती उचलली. अडीच शेराची ओली काच. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, बाटली रांजणाच्या काठाला दोनदा खटखट वाजली. फुटली असती तर समुद्रही गेला असता आणि रांजणही. त्याने ती हळूच परत पायरीवर ठेवली. मग त्याने ओगराळं खुंटीला अडकवलं, पायात वहाणा घातल्या आणि फाटकाकडे चालू लागला. कामाच्या वेळी रांजण सोडून गेलेला नत्थुजी कॉलेजने कधी पाहिला नव्हता. चार पावलांवर थांबून, मागे न बघता, तो म्हणाला, "मी पान खाऊन येतो. मी काही पाह्यलं नाही."

बुधाजीने रांजणावरचं झाकण काढलं. आत अंधार होता आणि गारवा तोंडावर आला. पहिली बाटली सोडताना त्याचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला, आणि त्याच्या छातीत अशी धडधड झाली की त्याला स्वतःची लाज वाटली. मी कोणाचं काय घेऊन राहिलो, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग राग आला. मग दोन्ही बाजूला ठेवून तो कामाला लागला. सहा बाटल्या, तीन रांजण, प्रत्येकी दोन. अर्ध्या तासाने काढायच्या, पेटीत बारीक धारेने ओतायच्या, पुन्हा पेटीतून भरायच्या. पहिल्या फेरीला पारा एकतीस. दुसऱ्या फेरीला साडेतीस. एका फेरीला अर्धा अंश, जसं सरांनी सांगितलं होतं. साडेपाचला पारा साडेअठ्ठावीसवर आला आणि फुलाची दोन-चार टोकं, जणू बाहेर कोण आहे ते बघायला, वर निघाली.

पाच वाजता बाबू उठून पाणी प्यायला आला होता. नत्थुजी परतला होता, त्याने ओगराळ्याने वाढलं. बाबू दोन गिलास प्याला आणि म्हणाला, "वा. आज पाणी झकास आहे."

नत्थुजीने बुधाजीकडे पाहिलं नाही आणि बुधाजीने नत्थुजीकडे.

वीज तिसऱ्या दिवशी आली. तिन्ही दिवस साडेबाराला नत्थुजी पान खायला गेला. वास्तविक तो पान खात नव्हता.

त्या पहिल्या संध्याकाळी बुधाजीने रजिस्टर उघडलं आणि मॅट्रिकच्या अक्षरात लिहिलं: 'दि. २७ मे. दु. १२॥ वाजता ३१॥. वीज नाही. समुद्राचे पाणी बाटल्यांत भरून व्हरांड्यातील पिण्याच्या रांजणांत बुडविले. बाटल्या मी स्वतः बुडविल्या. एका फेरीला अर्धा अंश. सायं. ५॥ वाजता २८॥. दगडाची एक कड पांढरी झाली.' नत्थुजीचं नाव त्याने लिहिलं नाही. नत्थुजीला वाचता येत नव्हतं, आणि असं काही लिहिलं आहे हे बुधाजीने त्याला सांगितलंही नाही. ते सांगायला हवं होतं, असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं.

जूनच्या मध्यावर उमाळकर सर अकोल्याहून आले. आई गेली होती. डोकं भादरलेलं होतं. त्यांनी आधी पेटी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. मग रजिस्टर घेऊन बसले. त्या पानाशी आल्यावर थांबले.

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

सरांनी उगाचच चष्मा पुसला. "हे बघ, युक्ती उत्तम आहे. मला स्वतःला काही वाटत नाही. पण समितीत कोण कसं असेल, सांगता येत नाही. प्रिन्सिपॉलांना तर तू ओळखतोस. तेव्हा तू असं कर, हे पान नवीन लिहून काढ. 'बाटल्या थंड पाण्यात ठेवल्या', एवढंच. खोटं नाही ते."

बुधाजी म्हणाला, "सर, मासा मेला तवा तुमी लिहिलं. मी जगवला, तं लिहू नको म्हणता?"

उमाळकर सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी रजिस्टर मिटून म्हणाले, "तुला ठीक वाटेल ते ठेव. पण मग त्या जागेचं मी काही सांगू शकत नाही, हे आत्ताच सांगतो." माणूस वाईट नव्हता. त्याचं धैर्यही अर्ध्या अर्ध्या अंशानेच चढणारं होतं.

पुढच्या महिन्याभरात बुधाजीने ते पान कापायला दोनदा ब्लेड हातात घेतलं. त्याला जागा हवी होती, फार हवी होती. आणि त्यापेक्षा जास्त त्याला नत्थुजीची काळजी होती. स्वतःच्या खरेपणापायी म्हाताऱ्याची भाकर जाणार असेल, तर हा कसला खरेपणा? चतुराबाईला विचारलं. ती म्हणाली, "पान फाडलं तं तुमी चोरी केली असं होईन. केली काय?"

"नाही."

"मंग?"

त्याने मनाशी ठरवलं. पान ठेवायचं. कोणी विचारलं तर म्हणायचं, नत्थुजी तिथे नव्हता, त्याच्या माघारी मी घेतलं. चोर ठरलो तर मी एकटा ठरेन.

समिती अठरा जुलैला आली. नागपूरहून आलेले अध्यक्ष उंच, कोरडे, कमी बोलणारे होते. सोबत दोन सभासद, मागे प्रिन्सिपॉल. बाहेर दमट उकाडा होता. आत पेटी चकाकत होती, फूल पूर्ण उमललं होतं आणि मासा त्याच्यातून आत-बाहेर करत होता. एक सभासद लहान मुलासारखा काचेला नाक लावून वाकला. अध्यक्षांनी थर्मामीटर वाचला, मग टेबलावरचं रजिस्टर उघडून उभ्यानेच पानं उलटू लागले. नत्थुजी तबकात पाण्याचे गिलास घेऊन आला आणि सगळ्यांना देऊन, रिवाजाप्रमाणे, दारापाशी उभा राहिला.

"ही तुमची चूक आहे का, उमाळकर?" अध्यक्षांनी पहिलं पान दाखवलं.

"हो, सर."

"बरं आहे." ते पुढे गेले. मेच्या अखेरीस पोचले.

"पिण्याच्या रांजणांत," अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी, साहेब. बुधाजी तायडे."

प्रिन्सिपॉलांची मान झटक्याने वर आली. एका सभासदाने ओठाला लावलेला गिलास थांबवला. अध्यक्षांनी विचारलं, "परवानगी कोणी दिली?"

"कोणी नाही साहेब. तिथं कोणी नव्हतं. मीच घेतलं."

"रांजणांवर माणूस असतो ना?" प्रिन्सिपॉल म्हणाले. आवाज मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"नव्हते नत्थुजी. बाहीर गेले होते."

तेवढ्यात दारापासून आवाज आला. "होतो मी."

सगळे वळले. नत्थुजीने रिकामं तबक दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"मी होतो साहेब. यानं मले विचारलं. माहे हात चालत नाहीत, म्हून मीच म्हणलं, तूच घे. तिन्ही दिवस."

खोलीत ट्यूबमधली हवा पेटीत बुडबुड करत होती, तेवढाच आवाज. थांबलेल्या सभासदाने गिलास हळूच टेबलाच्या कडेला ठेवला आणि तोंडावरून रुमाल फिरवला. प्रिन्सिपॉल नत्थुजीकडे असे बघत होते, की त्याच्या रांजणापाशी बसण्याचे दिवस मोजले गेले हे सगळ्यांना कळलं. उमाळकर सर दोनदा घसा खाकरून तिसऱ्यांदा बोलले, "सर, नोंद माझ्या सांगण्यावरूनच ठेवली आहे. पेटी त्यामुळेच जगली." उशिरा का होईना, पण बोलले.

अध्यक्षांच्या हातातही गिलास होता. ते प्यालेही नाहीत आणि त्यांनी तो ठेवलाही नाही. रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी बुधाजीला विचारलं, "अर्धा अंश उतरायला किती वेळ?"

"ओतण्या-भरण्यासकट पाऊण घंटा, साहेब."

"एकदम का नाही उतरवलं?"

"एकदम बदल केला तं मरते."

अध्यक्षांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपलं आणि पुढच्या खोलीकडे निघाले.

संध्याकाळी समिती गेल्यावर उमाळकर सर सांगून गेले की अध्यक्षांनी बुधाजीचं नाव विचारून लिहून घेतलं आहे, कशासाठी ते बोलले नाहीत. व्हरांडा रिकामा झाला होता. नत्थुजी शेवटच्या रांजणावर झाकण ठेवत होता. उद्यापासून त्याला फाटकावर बसायला सांगितलं होतं आणि रांजणाचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं.

बुधाजी त्याच्याजवळ गेला. "नत्थुजी, तुमी त्या दिवशी घे म्हणलं नव्हतं. तुमी पान खायले गेले होते."

"गेलो होतो."

"मंग काहून सांगतलं? मी तुमाले वाचवून राहिलो होतो."

नत्थुजी पायरीवर बसला. "म्हणाचं होतं ना मले. घे म्हणून. तोंडापावेतो आलं होतं त्या दिवशी. निघालंच नाही. तीन दिवस फाटकापाशी उन्हात उभा राहिलो अन् रोज वाटे, आज म्हणीन." तो थांबला. "आज निघालं."

बुधाजीला काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं वाटलं, आणि त्याच क्षणी आठ वर्षं आणलेल्या सुरईचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

नत्थुजीने खुंटीवरचं ओगराळं काढलं आणि दांड्याची बाजू त्याच्यापुढे केली. "घे. पी."

बुधाजीचा घसा सकाळपासून कोरडा होता. त्याने ओगराळं घेतलं, हातात धरून पाहिलं आणि परत खुंटीला अडकवलं.

"आता नाही," तो म्हणाला. "आता इथं कोणी नाही. उद्या अकराच्या घंटीले पिईन. सगळे असतीन तवा."

नत्थुजीने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. "फाटकावून दिसते इथलं," तो म्हणाला.

"तं पाहा," बुधाजी म्हणाला आणि संध्याकाळचा पारा लिहायला आत गेला.